मागच्या कापात करवत पुन्हा पुन्हा आवळली जाते, तेव्हा काय करावे

मोठ्या घेराचे जुने झाड दोन माणसांच्या हातकरवतीने पाडताना एक अडचण इतक्या वेळा येते की ती या कामाचाच भाग आहे असे कित्येक जण धरून चालतात. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या समोरच्या अंगाची खाच व्यवस्थित घेतली जाते, तिच्या उलट बाजूने मागचा काप सुरू होतो, वीतभर करवत मोकळी चालते आणि मग तिची चाल जड होत होत ती जागच्या जागी आवळली जाते. दोन्ही बाजूंची माणसे जोर लावतात, कोणीतरी पात्यावर रॉकेल ओततो, कोणी पात्यावर घाव घालतो आणि शेवटी करवतीला धार नव्हती असा निष्कर्ष निघतो. धार लावून आणलेली तीच करवत पुढच्या झाडात पुन्हा अडकते. माझा अनुभव असा की दहांतल्या बहुतेक वेळी दोष करवतीत नसतो. झाडाचा भार मागे बसलेला असतो आणि काप त्या भाराखाली मिटत गेलेला असतो. हे वेळीच ओळखता आले, तर अडचण सुटतेच, शिवाय माणसाच्या जिवावरचा धोकाही टळतो. म्हणून ही ओळख कशी पटवावी आणि प्रत्येक कारणावर नेमके काय करावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गोव्यात हातकरवतीचे काम अजून संपलेले नाही. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, अरुंद बांधांवर, पोफळी आणि मिरीच्या वेलींमध्ये, कौलारू घराच्या परसात किंवा डोंगरउतारावर जेथे मोठी यंत्रे पोहोचत नाहीत तेथे आंबा, फणस, माट्टी, किंदळ, सावर असली जुनी झाडे दोरखंड, पाचरा आणि करवत यांच्याच बळावर उतरवावी लागतात. यांत्रिक करवत वापरणाऱ्यांनाही पुढील बरेचसे विवेचन लागू पडेल, कारण भाराचा नियम दोन्हींना एकच आहे. कामाला हात घालण्यापूर्वी ‘गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४’ या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हाती असली पाहिजे आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर त्यांतला प्रवाह वीज खात्याकडून बंद करून घेतला पाहिजे. या दोन गोष्टींविना पुढचे काहीही करू नये.

अडकल्याबरोबर थांबा

करवत आवळली गेली की पहिली कृती म्हणजे हात थांबवणे. ओढाताण करून ती सुटत नाही. उलट पाते वाकते, दात मोडतात आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचे लक्ष पात्यावर खिळते, तर धोका डोक्यावर असतो. अर्धवट कापलेले झाड तेव्हा धड उभेही नसते आणि पडतही नसते. त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे समोरची खाच व मागचा काप यांच्यामध्ये न कापलेली राहिलेली लाकडाची पट्टी. तिला आपण बिजागरी म्हणू, कारण झाड पडताना तिच्यावरच फिरते. भार मागे बसलेला असेल, तर झाड ज्या बाजूला पाडायचे ठरवले होते त्याच्या अगदी उलट बाजूला, म्हणजे करवत ओढणाऱ्यांच्या अंगावर जाण्याची शक्यता निर्माण झालेली असते.

म्हणून एका माणसाने केवळ वर पाहत राहावे. शेंडा हलतो आहे का, वाळकी फांदी लोंबकळते आहे का, बुंध्यातून कटकट आवाज येतो आहे का, हे त्याने सांगत राहावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत कामाशी संबंध नसलेले कोणीही नसावे. पळण्याच्या वाटा कापाला सुरुवात करण्यापूर्वीच, पडण्याच्या दिशेच्या मागे डावीउजवीकडे तिरप्या साफ केलेल्या असल्या पाहिजेत. मात्र झाड मागे बसले आहे असे दिसताच त्या वाटांचा पुन्हा विचार करावा लागतो, कारण आता मागची बाजूही सुरक्षित उरलेली नसते. अशा वेळी खाचेच्या बाजूने आणखी खोल कापून ‘झाडाला पुढे ओढण्याचा’ मोह काहींना होतो. तो पूर्णपणे चुकीचा आहे. त्याने बिजागरी कमी होते आणि उरलेला एकमेव लगाम सुटतो.

करवत कोठे आवळली आहे ते पाहा

सगळी निदाने एकाच प्रश्नापासून सुरू होतात: पाते कोठे घट्ट आहे? मागच्या कापाच्या पूर्ण रुंदीत ते सारखेच घट्ट असेल, तर भार सरळ मागे बसला आहे. एकाच टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल असेल, तर झाड त्या बाजूला कललेले आहे. काप मोकळा दिसतो, फटीतून उजेडही दिसतो, तरी करवत जड चालते, असे असेल तर मात्र करवतीकडे वळावे.

काप मिटतो आहे की उघडतो आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मी नारळाच्या झावळीच्या पातीतला हीर वापरतो. मागचा काप चार बोटे आत गेला की दोन्ही कोपऱ्यांत एकेक हीर सैलसर उभा राहील असा खोचायचा. काप उघडू लागला तर हीर आपोआप गळून पडतो, मिटू लागला तर बोटाने ओढूनही निघत नाही. करवतीच्या चालीत फरक पडण्याच्या बराच आधी हीर सांगतो, आणि तेवढा वेळ पाचर लावायला पुरेसा असतो. दोन्ही कोपऱ्यांतल्या हिरांपैकी एकच घट्ट झाला, तर बाजूचा कलही त्याच क्षणी कळतो.

दुसरी खूण भुशाची. ओल्या लाकडातून लांब, दोऱ्यासारखे तुकडे निघत असतील, तर दातांना धार आहे आणि अडचणीचे मूळ झाडात आहे. पिठासारखी बारीक पूड पडत असेल आणि पाते हाताला गरम लागत असेल, तर धार गेली आहे. कापाच्या दोन्ही भिंती घासून चकचकीत झाल्या असतील, तर दातांची फाक, म्हणजे दात एकाआड एक डावीउजवीकडे वाकवून पात्याला दिलेली मोकळीक, कमी पडते आहे. किंदळ व माट्टी कापताना पात्यावर आणि भुशावर निळसर काळा डाग येतो, त्याला घाबरू नये. या झाडांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग येतो, कुजण्याशी त्याचा संबंध नसतो. मात्र आंब्यातून तपकिरी, भुसभुशीत, आंबूस वासाची पूड येऊ लागली तर ती आतल्या ढोलीची खूण आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

मुख्य कारण: मागे बसलेला भार

झाडाचा कल म्हणजे केवळ खोडाचा कल नव्हे, ही गोष्ट जितकी सांगावी तितकी थोडी. खोड ओळंब्यात सरळ असते आणि सगळ्या जड फांद्या एका बाजूला असतात, असे आंब्याच्या व रेनट्रीच्या बाबतीत नेहमी दिसते. घराच्या बाजूच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या गेल्यामुळे झाडाचा सगळा विस्तार उलट बाजूला गेलेला असतो. शिवाय मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात गोव्यातली असंख्य झाडे उन्मळून पडली, आणि जी पडली नाहीत त्यांतल्या अनेकांच्या मोठ्या फांद्या एकाच बाजूने मोडल्या किंवा मुळे एका अंगाने सैल झाली. अशा झाडाचा तोल पूर्वीच्या आठवणीवरून ठरवू नये. गवंड्याचा ओळंबा हातात लांब धरून, झाडापासून त्याच्या उंचीइतके दूर जाऊन, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी झाड पाहावे. बुंध्याच्या मध्यापासून वर सरकत, पर्णसंभाराचा मध्य ओळंब्याच्या कोणत्या बाजूला आणि साधारण किती हात जातो, ते मनाशी नक्की करावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते.

आता या भाराचा हिशेब पाहू. समजा, झाड २४ मीटर उंच आहे आणि कापाच्या पातळीवर खोडाचा व्यास ९० सेंटिमीटर आहे. खाच २० सेंटिमीटर आणि बिजागरी ८ सेंटिमीटर सोडली, तर बिजागरीपासून खोडाच्या मागच्या कडेपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर उरतात. म्हणजे शेंड्याची उंची ही या अंतराच्या चाळीस पट आहे. मागच्या कडेला पाचरीने एक सेंटिमीटर उचलले तर शेंडा ४० सेंटिमीटर पुढे सरकतो, अडीच सेंटिमीटर उचलले तर एक मीटर. याचाच उलटा अर्थ असा की करवतीने पाडलेली तीन मिलिमीटरची फट पूर्ण मिटली, तर शेंडा १२ सेंटिमीटर मागे गेलेला असतो. खाली बोटाच्या नखाएवढा फरक आणि वर हातभर हालचाल, असे हे प्रमाण आहे. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण एक टन भरतो. एवढ्या झाडाचा भार अनेक टनांचा असतो, आणि तो सारा पात्यावर येऊन बसल्यावर दोन माणसांच्या दंडातल्या जोराला काय अर्थ उरतो?

या हिशेबातूनच खाचेच्या खोलीचा नियम निघतो. मागे कल असलेल्या झाडाला खाच खोल घेऊ नये. व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी पुरे. खाच जितकी खोल, तितकी बिजागरी मागे सरकते, मागचा काप तोकडा होतो, पाचरीला जागा राहत नाही आणि तिचा तरफेचा जोरही घटतो. आपल्याकडे ‘एक तृतीयांश खाच’ ही मोजणी सरसकट वापरली जाते. पुढे कललेल्या किंवा सरळ झाडाला ती चालून जाते, मागे कललेल्या झाडात मात्र तीच करवत अडकवते.

वाऱ्याचा भागही मोठा आहे. गोव्यात कोरड्या महिन्यांत पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, तो पडतो आणि दुपारकडे पश्चिमेकडून खारा वारा जोर धरतो. झाड पश्चिमेला पाडायचे असेल, तर सकाळी मोकळी चालणारी करवत दुपारी अडकते, यात आश्चर्य काहीच नाही. पूर्ण पानांचा शेंडा शिडासारखा वारा धरतो. अशा झाडाचा मागचा काप सकाळीच सुरू करून सकाळीच संपवावा. खाच आदल्या दिवशी घेऊन ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण खाच घेतलेले झाड रात्रभर कोणाच्या देखरेखीवाचून उभे राहते.

पाचर कधी, कोठे आणि कशी

पाचर ही अडकलेली करवत सोडवण्याचे साधन आहे, असा समज सर्वत्र आहे. ती वास्तविक करवत अडकू न देण्याचे साधन आहे. करवतीची पाठ कापात पूर्ण शिरून तिच्या मागे चार बोटे जागा झाली, की त्याच वेळी पहिल्या दोन पाचरा लावल्या पाहिजेत. दोन्ही मागच्या कोपऱ्यांकडे, पात्याला टेकणार नाहीत अशा, प्रथम केवळ हाताने दाबून आणि मग हातोडीच्या दोन ठोक्यांनी घट्ट. मग करवत थोडी चालवायची, पुन्हा पाचरा ठोकायच्या, आणि हा क्रम शेवटपर्यंत मोडायचा नाही. अर्धा काप झाल्यावर पाचरा शोधू लागणे म्हणजे उशीर.

पाचर वीतभर लांब, मागच्या टोकाला इंचभर जाड आणि दोन्ही अंगांनी गुळगुळीत असावी. वाळलेल्या खैराची पाचर उत्तम. कडक प्लास्टिकच्या तयार पाचराही चांगल्या. लोखंडी पाचर करवतीच्या दाताला लागली तर दात गेलाच, म्हणून ती कापात वापरू नये. आखूड आणि जाड पाचर उपयोगाची नसते, कारण ती ठोकल्यावर बाहेर उडते. इंचभराहून जास्त उचल हवी असेल, तर दोन पाचरा एकमेकींवर आडव्या-तिरप्या ठेवून ठोकाव्या लागतात. त्याही पुढची गरज दिसत असेल, तर ते काम पाचरीचे राहिलेले नाही, दोराचे आहे असे समजावे.

दोराचा हिशेबही करून पाहावा. पाचर बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर उचलते, तर १२ मीटर उंचीवर बांधलेला दोर बिजागरीपासून १२ मीटरवर ओढतो. म्हणजे दोराला तरफेचा लाभ वीसपट आहे. पण येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: दोर कापाला सुरुवात करण्यापूर्वीच चढवलेला असला पाहिजे. करवत अडकल्यानंतर अर्धवट कापलेल्या झाडावर दोर बांधायला माणूस चढवणे हा गुन्ह्याइतकाच मोठा निष्काळजीपणा आहे. पाडेली, म्हणजे नारळ काढायला चढणारा, कितीही तरबेज असला आणि स्वतः तयार असला, तरी त्याला चढू देऊ नये. दोर राहूनच गेला असेल, तर बारीक दोरीला वजन बांधून ती जमिनीवरून उंच बेचक्यात फेकावी आणि तिच्या आधाराने जाड दोर वर खेचावा. ओढणारी माणसे झाडाच्या पडण्याच्या रेषेत उभी राहू नयेत. समोरच्या एखाद्या पक्क्या झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर बाजूला वळवून घ्यावा. ओढ सावकाश आणि अखंड ठेवावी. हिसके दिल्याने शेंडा झोके घेऊ लागतो आणि मागच्या झोक्यात काप पुन्हा मिटतो.

आणि करवत आधीच पूर्ण आवळली गेली असेल तर? फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात जुन्या आंब्याच्या वेळी हाच प्रसंग होता. फट इतकी मिटली होती की पाचरीचे टोकही शिरत नव्हते. कामावर देखरेख करणाऱ्या आबांनी दोन्ही माणसांना बाजूला केले आणि धाकट्याला एवढेच म्हणाले, “बाब, तिला ओढू नकोस, झाड तिच्यावर बसलंय. आधी झाड उठव.” मग त्यांनी पात्यापासून दूर, दोन्ही कोपऱ्यांत, पटाशीने फटीच्या खालच्या आणि वरच्या ओठाचे लाकूड बोटभर खोल तासून पाचरीच्या टोकापुरती बैठक केली. दोर आधीच बांधलेला होता, त्याला ताण दिला. डावीकडच्या पाचरीला तीन ठोके, उजवीकडच्या पाचरीला तीन ठोके, मग थांबून वर पाहणे, असे चालले. प्रत्येक फेरीनंतर ते पात्याला बोटाने टिचकी मारून पाहत होते. आवळलेले पाते बद्द वाजते, सुटू लागले की त्याचा आवाज मोकळा होतो. पाते सुटल्यावरही त्यांनी लगेच करवत चालू केली नाही. आधी पाचरा आणखी दोन ठोके आत गेल्या आणि त्यानंतरच काप पुढे सरकला. आंबा ठरल्या जागी, पोफळींच्या दोन रांगांमधल्या पाटावर पडला.

पाते सुटले तरी ते मागच्या बाजूने बाहेर काढण्यासाठी पाचरा काढू नयेत. दोन माणसांच्या चांगल्या करवतीची एका टोकाची मूठ सुटी होते, ती याचसाठी. मूठ काढून पाते कापातून आडवे सरकवून बाहेर घ्यावे, पाचरा जागच्या जागी राहू द्याव्यात.

बाजूला कल असेल तर

एकाच टोकाला पाते आवळले गेले असेल, तर उपाय थोडा वेगळा आहे. झाड डावीकडे कललेले असेल, तर मागच्या कापाच्या डाव्या अंगाला पाचर आधी आणि अधिक जोराने बसवावी, आणि बिजागरी उजवीकडे, म्हणजे कलाच्या विरुद्ध बाजूला, जरा जाड सोडावी. ताण त्या बाजूच्या तंतूंवर येतो आणि तेच झाडाला धरून ठेवतात. करवतीची दोन टोके सारख्या वेगाने आत गेली नाहीत, तर बिजागरी नकळत एका बाजूला पातळ होते. म्हणून दोन्ही माणसांनी थांबून थांबून आपापल्या बाजूचे उरलेले लाकूड बोटांनी मोजावे आणि मोठ्याने सांगावे. कल अधिक असेल, तर मूळ दिशेचा हट्ट सोडून झाड कलाच्या जवळच्या दिशेला पाडता येईल का, हा विचार आधी करावा.

दोष करवतीचा असतो तेव्हा

पाडण्याची करवत आणि पाडलेल्या ओंडक्याचे तुकडे करण्याची करवत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही कामांना एकच वापरली जाते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डग्लस फर आणि रेडवूडचे शेकडो वर्षांचे प्रचंड वृक्ष यंत्रे येण्यापूर्वी हातानेच पाडले जात. तेथे पाडण्याच्या करवतीची पाठ आतल्या बाजूला वळलेली, म्हणजे पाते मधोमध अरुंद असे. पाते अरुंद असल्यामुळे त्याच्या मागे पाचर लवकर लावता येई, शिवाय करवत हलकी व लवचीक राही. तुकडे करण्याची करवत मात्र सरळ पाठीची आणि जड असे. त्या पात्यांची जाडी दातांकडे जास्त आणि पाठीकडे कमी ठेवलेली असे, जेणेकरून कापात पाठ घासू नये. बुंधा खाली फुगलेला आणि तेथले तंतू वेडेवाकडे असत म्हणून तेथले लाकूडतोडे खोडात खोबण करून त्यात लोखंडी टोकाच्या फळ्या बसवत आणि त्यांवर उभे राहून फुगवट्याच्या वर काप घेत. राळेने पाते चिकटू नये म्हणून बाटलीतून रॉकेल शिंपडण्याची त्यांची रीत होती. आपल्याकडचे रॉकेल ओतणे दिसायला तसेच असले, तरी ते चिकटपणावरचे औषध आहे, भारावरचे नव्हे. फणसाच्या चिकाने पाते माखले असेल तर त्याचा उपयोग होतो, झाड मागे बसले असेल तर होत नाही.

करवतीची लांबी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. दातांमधल्या खाचा भुसा उचलून बाहेर आणतात, पण त्या खोडाबाहेर आल्या तरच तो खाली पडतो. चार फूट रुंद खोडात पाच फुटी करवत चालवली, तर मधले दात कधीच बाहेर येत नाहीत, भुसा आतच दाबला जातो आणि पाते आवळल्यासारखे वाटते. करवत खोडाच्या रुंदीपेक्षा निदान दोन-अडीच फूट लांब असावी. फाक दोन्ही बाजूंना सारखी हवी, ओल्या मऊ लाकडाला थोडी जास्त, वाळलेल्या कठीण लाकडाला कमी. पाव मिलिमीटरच्या आसपासची फाक सर्वसाधारण कामाला पुरते. एका बाजूचे दात अधिक फाकलेले असतील तर काप त्या बाजूला वळत जातो, आणि वळलेल्या कापात सरळ पाते अडकणारच. सागवानात सिलिकाचे कण असल्याने तो दातांची धार फार लवकर खातो. सागाच्या कामात कानस जवळ ठेवावी. आणि शेवटचे, करवत केवळ ओढायची असते. समोरचा ओढत असताना आपण ढकलले, तर पाते कापात वाकते आणि अडकते. नव्या जोडीचे निम्मे अडकणे याच कारणाने असते.

लाकडाचेच काही दोष

दीर्घकाळ कललेल्या पानझडी आणि सदाहरित रुंदपर्णी झाडांत कलाच्या वरच्या अंगाला ताणलेले लाकूड तयार होते. कापताना त्याच्यातला साठलेला ताण मोकळा होतो, तंतू लोकरीसारखे फुलतात आणि पात्याला धरतात. उतारावरच्या झाडांत हे हमखास आढळते. तेथे घाई न करता थोडे थोडे कापणे आणि पाचर सतत घट्ट ठेवणे एवढाच इलाज आहे.

पुढे खूप कललेले झाड करवत अडकवत नाही, पण म्हणून ते सोपे समजू नये. मागचा काप अर्धवट असतानाच खोड उभे चिरत वर जाते आणि चिरलेला भाग मागे उसळतो. हा स्वतंत्र आणि अधिक भयंकर विषय आहे. या लेखातली पाचरीची पद्धत त्याला लावू नये.

ढोलीचे झाड मात्र येथेच मोडते. जुन्या आंब्यात भिरूड लागून गाभा पोखरलेला असणे ही नित्याची गोष्ट आहे. बाहेरून कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहावे, पोकळ आवाज कोठून कोठपर्यंत येतो त्याची खडूने खूण करावी. अशा झाडात पाचर ठोकली की ती झाड उचलण्याऐवजी कुजक्या लाकडात रुतते, हीर घट्ट होत जातो आणि ठोकणाऱ्याला वाटते की पाचर बसते आहे. पाचर आत गेली पण फट रुंदावली नाही, असे दिसले की काम थांबवून काप आणखी वर, निरोगी लाकडात घेता येईल का ते पाहावे, नाहीतर फांद्या वरून एकेक उतरवून भार आधी कमी करावा. निरोगी लाकडाची कड चार बोटांपेक्षा कमी उरली असेल, तर ते झाड हातकरवतीने एकसंध पाडण्याच्या लायकीचे नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

झाड पडल्यावर लगेच ओंडके करायला धावू नये, आधी खुंट पाहावा. बिजागरीची पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची आहे की एकीकडे निमुळती, तंतू लांब उपटून निघाले आहेत की आखूड तुटले आहेत, पाचरींचे ठसे किती खोल उमटले आहेत आणि करवत जेथे आवळली होती तेथली घासलेली चकाकी पूर्ण रुंदीत आहे की एका कोपऱ्यात, हे सर्व खुंटावर स्पष्ट दिसते. पट्टी एकीकडे निमुळती असेल तर पुढच्या झाडाच्या वेळी त्या बाजूच्या माणसाला दर वीसेक ओढींनंतर थांबवून मोजायला लावावे. चकाकी पूर्ण रुंदीत असेल, तर पुढच्या झाडाला ओळंबा लावल्याशिवाय आणि दोर चढवल्याशिवाय मागच्या कापाला सुरुवात करू नये.